काळ्या पाठीमागचं तोंड

ये वं बाई, इकडं सरक जरा. तू तिकडं पुण्यात अन् मी इकडं वणीत, सरकशील कशी म्हणा. पण हा कागद तरी डोळ्याजवळ धर आणि नीट वाच. फोनवर तू कशी करते ते मले माहीत आहे. "हो आई, हो आई" म्हणते आणि तिकडून कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात. मी सांगून राह्यली असते एक, तू ऐकून राह्यली असते दुसरंच. म्हणून या खेपेले लिहून पाठवते. लिहिलेल्याले "हो आई" म्हणता येत नाही.

बाबायच्या वर्षश्राद्धाले तू आलती, त्याच्यानंतर या घराचा उंबरठा तू पाह्यला नाही. दोन दिवाळ्या गेल्या. मी रागावली नाही. म्हणजे थोडीशी रागावली, खोटं कायले बोलू? पण तू काहून येत नाही ते मले ठाऊक आहे, आणि त्यात माहीही चूक आहे.

चूक त्या भिंतीवरच्या फोटोची. बाबा गेले तेव्हा तेरवीले लावायले घरात त्यायचा एक धड फोटो निघाला नाही. तीस वर्षं बस स्टँडमागं स्टुडिओ चालवला त्या माणसानं. अर्ध्या वणीचे लग्नं, बारसे, साखरपुडे काढले. ज्या फोटोत पाहावं त्यात बाबा नाहीत, कारण बाबा कॅमेऱ्याच्या मागं. शेवटी मतदानाचं कार्ड नेलं एका कॉम्प्युटरवाल्याकडं. पोरानं मनापासून काम केलं, त्याले मी नावं नाही ठेवत. जन्मात कधी कोट न घातलेल्या माणसाले त्यानं कोट घातला, टाय लावला, मागं निळा पडदा टाकला, रंग उजळ केला. वरून मले म्हणे, "काकू, भुवईत एक डाग होता, तोही काढून टाकला."

डाग नव्हता तो. खाच होती. लहानपणी बाभुळगावच्या शेतात पाखरं हाकलताना गोफणीचा गोटा स्वतःच्याच कपाळावर घेतलता त्यायनं, त्याची. तू मांडीवर असताना त्या खाचेत बोट घालून झोपत होती.

वर्षश्राद्धाच्या दिवशी तू फोटोसमोर उभी राह्यली आणि म्हणाली, "आई, हा कोणता मंत्री टांगला?" पाहुणे हसले. मले वाटलं झालं. तेवढ्यात तू म्हणाली, "हे माहे बाबा नाहीत," आणि रडायले लागली. मी सगळ्यायसमोर तुले बोलली. "बापाच्या फोटोले असं बोलते का कोणी?" म्हटलं. तू त्याच दिवशी संध्याकाळच्या गाडीनं गेली. आता सांगते, तू बरोबर होती. तेव्हा मले कबूल करता आलं नाही, कारण मग भिंतीवर लावू काय?

तू निघून गेली, मी मात्र त्या मंत्र्यासोबत राह्यली. सकाळी उदबत्ती त्याले, सणावाराले गोडाचा घास त्याले. एकट्या घरात माणूस कोणाशी तरी बोलते, मी त्याच्याशी बोलली. आणि बोलता बोलता कसं झालं ते कळलंच नाही बाई, मनातल्या बाबायनंही कोट घातला. डोळे मिटले की तोच निळा पडदा. मागच्या उन्हाळ्यात एक दिवस विळीवर भेंड्या चिरून राह्यली होती. सहज मनात आलं, खाच कोणत्या भुवईत होती? डाव्या का उजव्या? आठवेना. मतदानाचं कार्ड पाहावं तर ते नाव कमी करताना जमा केलतं, आणि जुनं लायसन कधीचंच हरवलं होतं. इतके वर्षं ज्या तोंडासमोर बसून जेवली, त्या तोंडाची डावी-उजवी मले सांगता येईना. तू म्हणशील एवढं काय त्यात. पण मले त्या दिवशी जेवण गेलं नाही. माणूस एकदा गेला ते गेलाच, त्यात आपला हात नसते. पण हे दुसऱ्यांदा जाणं माह्याच डोक्यातून होऊन राह्यलं होतं.

तेव्हा मले डबे आठवले.

तुले आठवते का तो चार डोळ्यांचा कॅमेरा? लायसनवाल्यायची आणि राजूरच्या खाणीत कार्डं काढणाऱ्यायची घाई असे म्हणून बाबायनं घेतलता तो. एक खटका दाबला की एका कागदावर एकाच माणसाचे चार फोटो. कागद ओढून काढायचा, काखेत धरून ऊब द्यायची, दीडशे आकडे मोजायचे आणि केळाच्या सालीसारखा सोलायचा. एकीकडं लखलखीत फोटो, दुसरीकडं उरलेला काळा चिकट कागद. फोटो गिऱ्हाइकाले, काळा कागद उकिरड्यावर. सगळे स्टुडिओवाले तेच करत. बाबा नाही करत. त्या चिकट बाजूवर माणसाचं तोंड उलट्या रंगात पुसटसं दिसे. बाबा म्हणत, "जितं माणूस आहे हे. गाई-ढोरायच्या पायाखाली नाही टाकणार." मी म्हणे, "मग जाळून टाका ना." तर म्हणत, "जित्याले जाळते का कोणी?" झालं. दोरीवर चिमटे लावून ते कागद वाळवायचे आणि पत्र्याच्या डब्यात ठेवायचे. सात डबे भरले. फिल्म यायची बंद झाली, कॅमेरा मोडीत गेला, बाबा गेले, डबे माळ्यावर तसेच. मी किती कुरकुर केली असेन त्या डब्यायवरून!

आणि पहिल्या डब्यात, सगळ्यात खाली, पहिल्या दिवसाचा पहिला कागद होता. कॅमेरा आला त्या सकाळी चालते का पाहायले बाबा स्वतः स्टुलावर बसले आणि खटका मी दाबला. त्या चार फोटोंतला एक लायसनवर गेला, एक बँकेत, एक रेशनच्या कागदाले, एक कुठं गेला माहीत नाही. पण काळा कागद होता. काढून पाह्यला. एका बाजूनं डांबरासारखा काळा, दुसऱ्या बाजूनं वाळलेल्या डिंकाची पापुद्री. उजेडात धरला तर काही आरपार दिसेना.

मी फोनवर शोधलं. तू शिकवलं होतं तसं, बोलून. एका व्हिडिओत एक गोरा माणूस निघाला, तो नेमकं हेच करून राह्यला होता. त्याची बोली मले कळली नाही, हात कळले. कागद काचेवर पालथा, चारही बाजूंनी चिकटपट्टी, मग काळ्या पाठीवर कायतरी ओततो आणि ब्रशनं घासतो. काळं वाहून जाते आणि खाली निगेटिव्ह! आपल्या जुन्या रिळासारखी, आरपार. मी चौदा वेळा पाह्यलं ते. म्हणजे बाबायनं जपलं ते कचरा नव्हतं. पाठीचं काळं तेवढं निघायचं राह्यलं होतं.

ओततो काय, ते कळायले मले पंधरा दिवस लागले. त्याची बाटली पाहून मी संडासचं निळं औषध घेऊन आली. एका फाटक्या काळ्या कागदावर घासलं, घासलं, काही होईना; बोटं तेवढी सोलली. मग धुण्याच्या दुकानात विचारलं, तर तो म्हणे, "काकू, ते तेजाब आहे. तुमाले पांढरे कपडे करायचं ब्लीच पाह्यजे. आणि हे दोन्ही कधी एका बादलीत टाकू नका, वासानं पडसान." मी निळं औषध त्याच दिवशी घराबाहेर काढलं. भिऊ नको, दार-खिडक्या उघड्या ठेवून, हातमोजे घालून केलं सगळं.

बाबायच्या कागदाले मी हात लावला नाही. आधी राजूरच्या डब्यातले घेतले. आणि पहिल्याच कागदाले मी काय केलं माहीत आहे? ब्लीचच्या ट्रेमध्ये बुडवला. डार्करूममध्ये आयुष्य गेलं ना माहं! निगेटिव्ह म्हटलं की हाताले एकच ठाऊक, ट्रेमध्ये सोडायची, कोपरा धरून हलवायची. त्या गोऱ्यानं चौदा वेळा दाखवलं की फक्त पाठ ओली करायची, पण हातानं ऐकलं नाही. पाठीचं काळं गेलं आणि पोटाचं तोंडही गेलं. मिशा होत्या त्या माणसाले, तेवढं मी पाह्यलं होतं. चारही मिशा पाण्यात पिवळ्या धुरासारख्या निघाल्या आणि हातात राह्यलं कोरं प्लास्टिक. मी त्या माणसाची माफी मागितली. मोठ्यानं मागितली. कोण ऐकते घरात?

मग काच हवी होती, सपाट, मोठी. घरात तशी काच एकच. मी स्टूल घेतलं, भिंतीवरून मंत्री उतरवला, हार काढून देवघरात ठेवला आणि फ्रेममधली काच काढली. नेमकी तेव्हाच शेजारची भाभी दारात. तुले माहीत आहे ती, भिंतीले भिंत लागून राहते, त्यायचं खाली गॅरेज आणि वर हिची शिलाई मशीन. माह्या ब्लाउजाच्या बाह्या घेऊन आलती.

"हाय अल्ला! बाई, मियाँ को उतार दिया?"

"उतरवलं नाही, काच घेतली फक्त."

"कल को फ्रेम भी निकाल लेना, पतंग बनाने को."

"भाभी, बाह्या दे आणि जा."

ती कुठची जाते! ओढणी खोचून बसलीच. त्या दिवसापासून दुपारी मशीन बंद करून यायची, "दिखाव, आज किसका मुँह धोया," म्हणत. तिच्या नाकाले तो वास सोसत नसे, तर दारात बसून ओढणी तोंडाले लावायची आणि तिथून हुकूम सोडायची. खरं सांगू, त्या दुपारी मले बऱ्या गेल्या.

चिकटपट्टी अशी लावायची की आत थेंब जाऊ नये. नखानं दाबत जायचं. ब्रशानं ओरखडे पडत, तर मी वातीचा कापूस घेतला, त्याचा बोळा केला, आणि लहान लेकराची पाठ पुसावी तसं पुसलं. काळं आधी तांबूस होते, मग गढूळ, मग एकदम काचेखालचा ओटा दिसायले लागते. पाणी टाकून धुवायचं, पट्टी काढायची, उलटायचं, आणि कोमट पाण्यात बोटानं पोटावरचा डिंक हलके हलके काढायचा. मग वाळवायचं, आणि इथंच वणीत खरी परीक्षा. ओल्या निगेटिव्हवर धूळ बसली की छापताना तिचे पांढरे ठिपके होतात, आणि आपल्याकडं तर कोळशाची धूळ, ट्रक गेला की देवाच्या नाकावरही बसते. बाबायनं रिळं जन्मभर कपड्याच्या कपाटात वाळवले, ओला पंचा खाली ठेवून. मीही तिथंच वाळवले. तुह्या लग्नातल्या शालूच्या शेजारी राजूरचे खाणकामगार लटकत होते आठ दिवस.

आता निगेटिव्ह तर झाली, पण पाहायची कशी? तोंड काळं, केस पांढरे. त्याची युक्ती माह्या एका जुन्या मूर्खपणातून निघाली. मागं एकदा फोनमध्ये माह्याकडून कायतरी दाबलं गेलतं आणि सगळे रंग उलटे झालते, पांढरं ते काळं. आठ दिवस मी तसाच फोन वापरला, म्हटलं जुना झाला असेल. ते बटण मी आता मुद्दाम शोधून दाबलं. खिडकीले पांढरी चादर बांधली, निगेटिव्ह तिच्यावर धरली आणि फोनच्या कॅमेऱ्यातून पाह्यलं. बाई! समोर एक माणूस. थोडा निळसर, पण जिता. कॉलर मळकी, डोळ्यात कोळशाचं काजळ, फोटो काढणाऱ्याले भिऊन बसलेला. भाभी मधे डोकावली तर तीच भुतासारखी दिसली, काळे दात आणि पांढरे बुबुळं. मी हसून हसून खाली बसली. ती म्हणे, "क्या हुआ? मुर्दे अच्छे दिखते और मैं बुरी?"

असे बावीस कागद केले मी, हात बसवायले. सोळा चांगले आले. कोण होते ते सगळे? काही जण अजून बाजारात दिसत असतील, आता पांढरे झालेले. मी फोनमधून एकेकाले पाहत बसे. घरात माणसं आल्यासारखं वाटे. मग चादर सोडली की कोणी नसे.

सतराव्या दिवशी बाबायचा कागद घेतला. भाभीले सांगितलं होतं, आज बोलायचं नाही. ती ओढणी तोंडात धरून बसली. पट्टी नखानं दोनदा दाबली. ब्लीच ओतलं, बोळा फिरवला, तांबूस झालं, गढूळ झालं. सगळं नीट चाललं होतं. आणि वरच्या बाजूनं काचेखाली एक पिवळा धागा पसरताना मले दिसला.

भोक होतं. वरच्या कडेले टाचणीचं बारीक भोक. पहिल्या दिवशी घरात चिमटे कुठले? चिमटे नंतर आणले. बाबायनं तो पहिला कागद दोरीवर टाचणीनं टोचून लटकवला होता. बावीस कागदायत एकालेही भोक नव्हतं, म्हणून माह्या डोक्यातच आलं नाही. मी काच उचलून नळाखाली धरली. पाणी नेमकं कमी धारेचं. भाभीनं बादलीच उपडी केली माह्या हातावर. तिची सलवार भिजली, माहं लुगडं भिजलं. पट्टी काढायले माह्या हाताले जमेना, तिनं काढली.

वरचे दोघं गेले होते. कपाळापासून हनुवटीपर्यंत कोरं. खालचे दोघं शाबूत होते, दोन सारखे बाबा, शेजारी शेजारी.

वाळेपर्यंत मी कपाटासमोरच बसली. दुसऱ्या दिवशी दुपारी चादर बांधली, फोन धरला आणि पाह्यलं. तुले खरं सांगते, आणि हे कोणालेच सांगितलं नाही, भाभीलेही नाही. मी ओळखलं नाही. एक चाळिशीचा माणूस, दाट केस, गालात मांस, जरा वैतागलेला. माह्या डोक्यात शेवटच्या आजारातले बाबा आणि भिंतीवरचा मंत्री, दोघंच राह्यले होते. हा तिसरा कोण? मी किती वेळ पाहत राह्यली. मग तोंडाकडं लक्ष गेलं. ओठ थोडे उघडे होते. ते मले ओरडून राह्यले होते, "दाब ना आता, मान दुखली!" कारण मी म्हणत होती, हसा, हसा, आणि खटका काही दाबत नव्हती. ते ऐकू आलं मले. मग मी ओळखलं.

खाच होती. आणि तिथंच नवं भांडण उभं राह्यलं. निगेटिव्ह एका बाजूनं धरली तर खाच डाव्या भुवईत, उलटवली तर उजव्या. सरळ बाजू कोणती? रिळाच्या कडेले आकडे असतात, त्यावरून कळते. या कागदाले आकडे नाहीत. त्याची कोणती बाजू मी चिकटवली होती तेही घाबरण्यात विसरली. मी उलटून पालटून पाहत बसली. दोन्ही बाबाच वाटत.

भाभीनं फोन हिसकावला. डोळे बारीक केले. "मुँह क्या देखती बाई, कमीज देख. मर्द की कमीज की जेब उल्टे हाथ पर रहती. और काज वाली पट्टी भी उधरीच. चालीस साल से सी रही मैं."

खिशात पेन होता. खिसा त्यायच्या डाव्या हाताकडं येईल अशी धरली. खाच डाव्या भुवईत आली.

भाभी म्हणे, "हो गया फैसला." तिचं झालं. माहं नाही झालं. कमीज सांगते डावी, ते मले पटते, शिवणाऱ्या बाईचं खोटं कसं असेल? पण कमिजीच्या साक्षीनं नवरा ओळखायचा का मी? माह्या हातानं आठवायले पाह्यजे होतं ते, आणि हातात काही येऊन नाही राह्यलं.

कॉम्प्युटरवाल्याकडं मी ती नेली नाही. तो पुन्हा साफ करीन म्हणेल. पाठवतही नाही तुले फोनवर, तू मागशील तरी. तुले पाठवलं की तू पाहशील बसमध्ये उभ्यानं आणि अंगठ्यानं वर सरकवशील. मले ते नको आहे. तुले इथं खिडकीशी बसवायचं आहे, चादर बांधून, निगेटिव्ह तुह्या हातात देऊन. तू डोळे मिट आणि बोट ने, लहानपणी न्यायची तसं. तुहं बोट जिकडं जाईल ती बाजू. या घरात ती खाच बोटानं ओळखणारी तू एकटीच उरली.

भिंत रिकामी आहे. मंत्री कपाटावर पालथा ठेवला, परत टांगला नाही. काय टांगायचं ते तू आल्यावर ठरवू, नाहीतर काहीच नको टांगू. त्या दिवशी बोलली त्याबद्दल मले तोंडानं काही म्हणता येणार नाही, तेवढं समजून घेजो.

रजा मिळाली की निघ. लवकर ये. आणि रात्रीच्या गाडीनं येऊन सकाळी झोपून नको राहू. दुपारी दोन ते चार त्या खिडकीत उजेड चांगला असते, त्या वेळेले जागी राहा. भाभीले सांगून ठेवलं आहे, ती तुह्या मापाचा ब्लाउज शिवून राह्यली, माप जुनंच आहे. येजो बाई.